न आलेल्या रुग्णाचीही नोंद घ्या

(सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र)

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



मधुमेहाच्या सरकारी कार्यक्रमाविषयी वर्तमानपत्रांत छापून येतो तो आकडा बहुधा तपासणीचा असतो. अमुक शिबिरात इतक्या हजार जणांच्या बोटाला सुई टोचली, त्यातून इतके नवे रुग्ण सापडले. बातमी तिथे संपते. सापडलेल्यांपैकी वर्षानंतर किती जण गोळ्या घेत आहेत, कितींची साखर ताब्यात आहे आणि किती जणांनी पुन्हा दवाखान्याची पायरीच चढली नाही, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. हे पत्र त्या न छापलेल्या आकड्याबद्दल आहे.

मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. माझे अनेक रुग्ण काही महिने प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या नेतात, काही महिने माझ्याकडून घेतात आणि मधले काही महिने कुठूनच घेत नाहीत. गोळी का बंद केली, असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात. शुगर नॉर्मल आली म्हणून. सुगी चालू होती म्हणून. गोळ्या संपल्या आणि गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून. सारखी गोळी खाल्ली की किडनी जाते, असं शेजारी म्हणाले म्हणून. यातल्या कोणत्याही अडचणीला मोठा तज्ज्ञ लागत नाही. गोळी बंद झाल्याचे ज्याला वेळेत कळेल आणि जो घरी जाऊन विचारेल, असा माणूस लागतो. तो नेमणे हे एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातले काम नाही. सरकारच्या मात्र आहे.

आधी दुखण्याचा आवाका पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के, शहरांत १६.४, खेड्यांत ८.९. शेजारच्या गोव्यात २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. या आकड्यांची भरपूर चर्चा झाली. पण याच अभ्यासातून आदल्या वर्षी आलेला एक निष्कर्ष जास्त अस्वस्थ करणारा आहे. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यातही साखर आटोक्यात असणारे ३६.३ टक्केच निघाले. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही आटोक्यात असणारे अवघे ७.७ टक्के. मधुमेह्याचे हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड वाचवायचे तर तिन्ही सांभाळावी लागतात. निदान झालेल्या शंभरातल्या ब्याण्णव जणांच्या बाबतीत ते जमलेले नाही. शिबिरे दुप्पट केली तरी हा आकडा हलणार नाही, कारण हे लोक आधीच सापडलेले आहेत.

ते हातून का निसटतात, हे समजायला एका केंद्राचा हिशोब मांडला तरी पुरे. मैदानी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण ३० हजार लोकसंख्या असते. त्यात प्रौढ सुमारे २० हजार. खेड्यातले ८.९ टक्क्यांचे प्रमाण लावले तर एका केंद्राच्या हद्दीत १,८०० च्या आसपास मधुमेही झाले. प्रत्येक जण महिन्यातून एकदा आला आणि ओपीडी पंचवीस दिवस चालली, तर रोज सत्तरच्या वर रुग्ण नुसते साखरेचे. त्याशिवाय ताप, खोकला, बाळंतपणे, लसीकरण, साप चावलेले, शवविच्छेदन, कुटुंब नियोजनाचे शिबिर आणि जिल्ह्याची बैठक. वैद्यकीय अधिकारी कितीही कळवळ्याचा असला तरी साखरेच्या रुग्णाच्या वाट्याला एक-दोन मिनिटांपलीकडे वेळ येणार नाही. तेवढ्या वेळात ‘गोड खाऊ नका, गोळ्या चालू ठेवा’ एवढेच बोलून होते.

आता हाच हिशोब उपकेंद्रावर नेऊन पाहा. पाच हजारांना एक उपकेंद्र या मापाने एका केंद्राखाली सहा उपकेंद्रे येतात. १,८०० रुग्ण सहांत वाटले की प्रत्येकी तीनशे, म्हणजे दिवसाला बारा. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर करून, आज ज्यांना आपण आयुष्मान आरोग्य मंदिरे म्हणतो, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमायला सुरुवात झाली. ज्याची साखर स्थिर आहे त्याला ठरलेली औषधे पुन्हा देणे, रक्तदाब पाहणे, तक्रार ऐकणे हे त्यांच्या कामातच बसते. दिवसाला बारा रुग्ण त्यांना नीट बसवून पाहता येतात. स्थिर रुग्ण गावातच राहिले, तर डॉक्टरपुढे उरतील ते साखर न आवरणारे, इन्सुलिन लागणारे, पायाला जखम झालेले. डॉक्टरची खरी गरज त्यांनाच आहे.

मधुमेहाची वर्षभराची देखभाल म्हणजे मुळात छोट्या छोट्या कामांची यादी आहे. दर भेटीला रक्तदाब आणि वजन. वर्षातून निदान दोनदा एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर. वर्षातून एकदा लघवीतले प्रथिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि पायाची तपासणी. यातले रक्त-लघवीचे काम प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो शिकवलेला कोणताही कर्मचारी कॅमेऱ्याने काढू शकतो. तो वाचायला नेत्रतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी बसलेला चालतो. गोळ्यांचा साठा आणि कोणी किती दिवसांपासून गोळ्या नेल्या नाहीत, हे औषधनिर्माण अधिकाऱ्याला सगळ्यांत आधी कळते. खाण्यापिण्याचे बोलणे आणि इन्सुलिनची सुई टोचायला शिकवणे हे परिचारिकेचे. घरी जाऊन चौकशी आशाताईंची. डॉक्टरने निदान करायचे, औषध ठरवायचे, बिघडलेले हाताळायचे आणि या सगळ्यांच्या कामावर नजर ठेवायची.

यातली पायाची तपासणी मुद्दाम वेगळी सांगतो. खेड्यातला रुग्ण चपला दाराबाहेर काढूनच आत येतो. पाय समोर उघडेच असतात, तरी ते पाहत कोणी नाही. नायलॉनच्या एका तंतूने, ज्याला मोनोफिलामेंट म्हणतात, तळव्यावर ठिकठिकाणी टोचून संवेदना आहे की नाही हे काही मिनिटांत कळते. वीज लागत नाही, रसायन लागत नाही. ज्याची संवेदना गेली आहे त्याला अनवाणी रानात जाऊ नको, रोज रात्री तळवे पाहा, कुरूप स्वतः कापू नको, एवढे कोणी समजावून सांगितले तर बऱ्याच जखमा होणारच नाहीत. जखम झाली, चिघळली आणि बोट किंवा पाय कापायची वेळ आली, की महात्मा फुले जनआरोग्य योजना मदतीला येते. मूत्रपिंड गेले की डायलिसिसलाही येते. ती योजना हवीच. पण पाय कापायला लाखोंचे संरक्षण आणि पाय पाहायला कोणाच्याच कामाच्या यादीत जागा नाही, हा हिशोब सरकारला तरी परवडतो का?

आहाराचेही तसेच. ‘भात बंद करा’ हा सल्ला कोकणातल्या बाईला देणे सोपे आहे. तिच्या घरात रेशनचा तांदूळ येतो, नवरा आणि मुले जेवल्यावर उरेल ते ती खाते आणि एकादशी, चतुर्थी, सोमवार या उपासांना साबुदाण्याची खिचडी होते. उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, हे तिला कोणीच सांगितलेले नसते. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्याच्या गोळीची आणि इन्सुलिनची वेळ बदलावी लागते, तेही आधीच ठरवावे लागते. त्या घरातले ताट ज्याने पाहिले आहे, त्यालाच तिथे चालेल असा सल्ला सुचतो. बचत गटाच्या बैठकीला जोडून महिन्यातून एकदा साखरेच्या रुग्णांची बैठक घेतली तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. दहा वर्षे साखर सांभाळलेली बाई नव्या रुग्णाला जे समजावते ते आपल्या पत्रकांना जमत नाही.

आणखी एक गैरसमज गावातल्या आशाताईच दूर करू शकतील. काटक, राबणाऱ्या माणसाला साखर कशी होईल, असे गावात अजून म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले की भारतीय शरीर वरून सडसडीत दिसले तरी आत चरबीचे प्रमाण जास्त असू शकते आणि याची सुरुवात आईच्या पोटातच होते. पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांच्या अभ्यासातून हे ज्ञान आले. ज्या राज्यात ते निर्माण झाले, तिथल्या आशाताईंपर्यंत ते पोचायला हवे.

चमूने काम केले की फरक पडतो का, हा प्रश्न आपले वित्त खाते विचारेल. विचारायलाच हवा. भारत आणि पाकिस्तानातल्या दहा केंद्रांत १,१४६ मधुमेहींवर ‘कार्स’ नावाचा अभ्यास झाला. त्यात मुंबई आणि गोव्यातली केंद्रेही होती. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला एक समन्वयक मिळाला, जो डॉक्टर नव्हता. तो रुग्णांशी संपर्क ठेवायचा, पाठपुरावा करायचा, आणि डॉक्टरला संगणक औषधाबाबत सूचना द्यायचा. साखर आणि त्यासोबत रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात येण्याचे प्रमाण नेहमीच्या गटात ८.१ टक्के राहिले, समन्वयकाच्या गटात १८.२ टक्के झाले. दुपटीहून जास्त. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

उलट बाजूचा पुरावाही सांगतो, कारण खरेदीच्या फायली त्याच्याच आसपास फिरतात. हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामूहिक आरोग्य केंद्रांत सुमारे ३,७०० रुग्णांवर ‘एम-वेलकेअर’ हा अभ्यास झाला. परिचारिकेच्या हातात टॅब, टॅबमध्ये रुग्णाची माहिती आणि उपचारांच्या सूचना. वर्षानंतर टॅब असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांतल्या रुग्णांच्या साखरेत किंवा रक्तदाबात फरक आढळला नाही. मी त्यातून घेतलेला धडा असा: यंत्र माहिती साठवते, घरी जाऊन कोणाला उठवून आणत नाही. टॅबची निविदा काढणे सोपे असते, माणसाला काम नेमून देणे अवघड. यश दुसऱ्यात आहे.

इंग्लंडचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. तिथे २००३ पासून मधुमेहींच्या डोळ्यांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. प्रत्येक फॅमिली डॉक्टरकडच्या यादीतून मधुमेहींना बोलावणे जाते, प्रशिक्षित कर्मचारी पडद्याचे फोटो काढतात, जो येत नाही त्याला पुन्हा बोलावणे जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखवले की निदान पन्नास वर्षांत प्रथमच, कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण मधुमेह उरलेला नव्हता. या यशाच्या बुडाशी एक यादी आहे, आणि त्या यादीवर न आलेल्याचेही नाव आहे.

महाराष्ट्राला हे परकीय वाटायचे कारण नाही. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, तिथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगाने ती पद्धत उचलली. डॉक्टरशिवाय काही होत नाही, हा समज याच राज्याने मोडून काढला आहे.

आपल्या खात्यातही दोन नमुने तयार आहेत. पहिला क्षयरोगाचा. क्षयरोग्याची नोंद होते, उपचारकार्ड असते, औषध घेतो की नाही हे पाहायला एक व्यक्ती नेमलेली असते आणि डोस चुकला तर विचारणा होते. मधुमेही वर्षभर आला नाही तरी कोणाला पत्ता लागत नाही. दुसरा नमुना रक्तदाबाचा. २०१७ मध्ये सुरू झालेला ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ आपल्याकडे सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतून चालू झाला. ठरलेली सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, कामाची वाटणी, घराजवळ सेवा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही त्याची पाच सूत्रे. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने त्याचा गौरव केला. त्यातली सर्वांत धारदार गोष्ट हिशोबाच्या पद्धतीत आहे. गेल्या तिमाहीत जो रुग्ण आला नाही, तो हिशोबातून गाळला जात नाही. ‘भेट चुकली’ म्हणून तो मोजला जातो आणि केंद्राच्या नियंत्रणाचा टक्का त्याच्यामुळे खाली येतो. म्हणून त्याला शोधायला माणूस जातो.

मधुमेहाच्या बाबतीत आज उलटे घडते. जो येतो तोच मोजला जातो, त्यामुळे कागदावर सगळे बरे दिसते. ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत आणि केंद्रांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसे माफ झाले. चांगले झाले. पण तो केसपेपर अजून रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच असतो. पिशवी हरवली की माणसाचा इतिहास हरवतो.

सर्वांत जास्त हरवतात ते स्थलांतर करणारे. दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. ज्या आशाताईंना ते ठाऊक आहेत त्या गावी, आणि कोयता ज्या फडात चालतो तिथल्या आशाताईंना ते अनोळखी. त्यांना निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या आणि त्यांची नोंद कारखान्याजवळच्या केंद्राला उघडता आली, तर अर्धे काम झाले. इन्सुलिनवरच्या रुग्णाला पालावर ते कसे ठेवायचे, हेही निघण्यापूर्वी शिकवावे लागेल. तिथे फ्रीज नसतो.

या सगळ्यात आशाताईंवर आणखी एक ओझे टाकायला मी सांगत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मूळ दरांत तपासणीचा एक फॉर्म भरण्याचे १० रुपये आणि निदान झालेल्या रुग्णाचा सहा महिने पाठपुरावा करण्याचे ५० रुपये. म्हणजे महिन्याला आठ रुपये आणि काही पैसे. पाच फॉर्म भरले की सहा महिन्यांच्या चिकाटीइतकी कमाई होते. मग फॉर्म भरले जातात, यात नवल काय? राज्यात सत्तर हजारांच्या वर आशाताई आहेत. त्यांनी आणखी राबावे असे वाटत असेल तर मोल त्या कामाचे द्यावे, आणि ते वेळेवर द्यावे.

म्हणून, महोदय, माझ्या मागण्या नेमक्या आहेत.

पहिली, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांची एकच नोंदवही असावी, संगणकावर असो वा कागदावर, आणि तिची जबाबदारी नाव ठरवून दिलेल्या एका व्यक्तीवर असावी. दर आठवड्याला न आलेल्यांची यादी निघून गावनिहाय आशाताईंच्या हाती जावी.

दुसरी, दर तिमाहीला प्रत्येक केंद्राचा एकच आकडा जाहीर व्हावा: नोंद झालेल्या सर्वांपैकी कितींची साखर आणि रक्तदाब आटोक्यात आहे. न आलेले त्या हिशोबातून वगळू नयेत. पहिल्या वर्षी आकडे लाजिरवाणे निघतील. त्यासाठी कोणाची बदली करू नका. नाहीतर पुढच्या वर्षी आकडे सुंदर होतील आणि रुग्ण तसेच राहतील.

तिसरी, ज्यांची साखर स्थिर आहे त्यांना एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळाव्यात. त्यासाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, रक्तदाबाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचा साठा कोणत्याही केंद्रात एक दिवसही शून्यावर येऊ नये. गोळी नसेल तर पाठपुरावा ही थट्टा ठरते.

चौथी, प्रत्येक केंद्रात मोनोफिलामेंट आणि ते वापरायला शिकलेली परिचारिका, आणि तालुक्यात एक तरी डोळ्याच्या पडद्याचा कॅमेरा असावा. मधुमेहाचा दिवस आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावा. त्या दिवशी माणूस गावात येतोच, त्याची मजुरी बुडत नाही.

पाचवी, खासगी दवाखान्यांना यात घ्या. क्षयरोगात आम्ही रुग्णांची नोंद सरकारला कळवतो, मधुमेहातही कळवू. ज्याला माझी फी आणि बाहेरची गोळी परवडत नाही त्याला तुमच्या उपकेंद्रातून गोळी मिळावी आणि त्याची साखर दोघांनाही एकाच नोंदीत दिसावी. रुग्ण तुमचा की माझा, हा प्रश्न त्याच्या मूत्रपिंडाला पडत नाही.

हे सगळे राज्यभर एकदम करा, असा हट्ट नाही. रक्तदाबाचे काम ज्या चार जिल्ह्यांतून सुरू झाले, तिथूनच मधुमेहाचे सुरू करा. नव्याने निदान झालेल्या रुग्णाला पहिले वर्ष अजिबात सुटू देऊ नका. सुरुवातीला साखर नीट आवरली तर तिचा फायदा पुढे अनेक वर्षे टिकतो, हे ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासाने दाखवून दिले आहे.

आपण पुढच्या वेळी एखाद्या आरोग्य केंद्राला भेट द्याल तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्याला एवढाच प्रश्न विचारा: गेल्या तीन महिन्यांत तुमचे किती मधुमेही आले नाहीत, आणि त्यांची नावे काय? मंत्री हा प्रश्न विचारतात असे एकदा कळले की उत्तर तयार ठेवण्याची व्यवस्था आपोआप उभी राहील. तो प्रश्न आपण विचारावा, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला,
तालुक्याच्या गावातला एक डॉक्टर